दौरेनच्या कॅसेटमधले फोटो

कारागांदा, १६ नोव्हेंबर २०२५

आदरणीय मिर्झाआगा,

धाकट्या भावजयीचा वाकून सलाम. तुमची तब्येत, गुडघे, गोठ्यातली जनावरं सगळं ठीक असेल अशी आशा. इकडे दोनदा बर्फ पडून गेलं. मी बरी आहे.

तुम्ही बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेला तुमचा लॅपटॉप नीट पोचला. मोल्दिर तुम्हाला फोन करणार हे कळलं असतं तर मी अडवलं असतं. सव्वीस वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, आणि माझी लेक सरळ तुमच्याकडे मागून मोकळी! तुम्ही 'कशाला' म्हणूनसुद्धा विचारलं नाहीत. फार आभारी आहे.

कशाला ते आता सांगते. तुमच्या धाकट्या भावाने, दौरेनने, हातातल्या गेमला लावायची कॅमेऱ्याची कॅसेट आणली होती, आठवते ना? तिच्यातले फोटो आतल्या चिमुकल्या बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी संपली की सगळे पुसले जातात. मोल्दिर बापाच्या मांडीवर बसलीय असा फोटो फक्त तिथेच आहे. कॅसेट पोस्टात टाकायला माझा जीव होईना, म्हणून मोल्दिरनेच लॅपटॉपला जोडून कॅसेट वाचणारी डबी इकडे पाठवली. पण डबी चालायला आधी एक प्रोग्राम बसवायचा, तोही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून. मोल्दिर अस्तानाहून आज्ञा लिहून पाठवायची, मी अक्षर न् अक्षर उतरवायची, आणि पडदा म्हणायचा, असं फोल्डर नाही. तीन दिवस हेच!

"आई, फोल्डरचं नाव काय दिसतंय? नीट वाच."

"मिर्झाआगा."

"तेच तर लिहून पाठवतेय मी! डोकं फिरायची वेळ आली."

चौथ्या दिवशी कबूल करावं लागलं. लॅपटॉप तुमचा, म्हणून फोल्डरला तुमचं खरं नाव आहे. थोरल्या दिराचं नाव मी तोंडाने कशी घेणार? लग्न होऊन आल्यावर मी तुम्हाला ठेवलेलं नावच आपली वाचत होते.

मोल्दिर किंचाळली, "अगं, काका काय पडद्यामागे कान लावून बसलेत?"

"जीभ रेटत नाही गं."

"बरं, मी लिहून पाठवते. तू नुसती बोटं चालव."

डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून, तुम्ही समोर असल्यासारखं मी टाइप केलं. पाच मिनिटांत प्रोग्राम बसला. एकेक करत तीस फोटो आले, नखाएवढे, धुरकट. मांडीवरचाही आला. मोल्दिर तिकडे रडली, मी इकडे. ही तुमची कृपा.

शेवटचा फोटो तुम्ही काढलेला आहे. तुम्ही तापाने फणफणून आमच्या सोफ्यावर पडला होतात, ते खेळणं हातात होतं. फोटोत दारात दौरेन उभा आहे, आणि त्याच्याकडे डब्याची पिशवी धरलेला एक हात. माणूस दिसत नाही, नुसता हात.

मोल्दिरने विचारलं, "हा कुणाचा?"

माझा. त्या दिवशी खाणीत जायची पाळी तुमची होती. दौरेन म्हणत होता, आज दोघंही घरी राहू. मीच म्हणाले, "भाऊ तापलाय, त्याच्या जागी तू जा. एका पाळीने झिजणार आहेस का?" तुम्ही सगळं ऐकत होतात. संध्याकाळी खाणीचं छत कोसळलं.

आणि दौरेनच्या मृत्यूनंतरच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणात, भरल्या घरात, मी तुमच्याकडे बोट दाखवलं. म्हणाले, यानेच माझ्या नवऱ्याला स्वतःच्या जागी पाठवलं. एका वाक्यात तुम्ही मला खोटं पाडू शकला असतात. तुम्ही चहाचा वाडगा खाली ठेवलात आणि उठलात. पुढे गावही सोडलंत. तुम्ही गप्प राहिलात म्हणून मोल्दिर आईवर माया करत वाढली. याचे आभार कसे मानायचे, मला खरंच माहीत नाही.

मोल्दिरला सगळं सांगितलं. तिने तो फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाली, "काकांचं काय?"

एकोणतीस तारखेला दौरेनच्या स्मरणाचं जेवण आहे. तेव्हा चाळिसाव्याच्या जेवणाला बसलेल्यांपैकी अकरा जण अजून हयात आहेत. सगळ्यांना बोलावलंय, आणि त्यांच्यासमोर मी खरं सांगणार आहे. तुम्ही आला नाहीत तरी सांगणारच. पण या. मानाच्या जागी बसा, मानाच्या पाहुण्याला वाढतात ते मेंढ्याचं डोकं मी माझ्या हाताने तुमच्यापुढे ठेवीन. त्यानंतर तुम्हाला मला जे बोलायचं असेल ते बोला.

तुमच्या मौनाच्या आडोशाला सव्वीस वर्षं राहिलेली,
उल्झान