रिकाम्या भिंतीची किंमत

मिलवॉकी, १४ ऑक्टोबर

प्रिय व्हर्नेटा,

तुझं निमंत्रण मिळालं. जाड कागद, सोनेरी अक्षरं, वर तुझा फोटो. काळ्या कुटुंबांना स्वतःचं घर मिळावं म्हणून बँकेने काढलेल्या योजनेची तू प्रमुख झालीस, भाषण करणार आहेस, आणि मी चर्चची मोठी हॅट घालून पहिल्या रांगेत बसायचं. वाचून ऊर भरून आला गं. मग समोरच्या भिंतीकडे लक्ष गेलं आणि तोंड कडू झालं.

छप्पर गळायला लागलं म्हणून मार्चमध्ये मी तुझ्याच बँकेकडे घरावर कर्ज मागितलं. किंमत ठरवायला माणूस येणार, तर मी खुळी सकाळपासून पीचचा केक भाजत बसले. त्याने घासही घेतला नाही. जिन्यातले फोटो पाहिले, तुझ्या पदवीचा, तुझ्या बाबांचा चर्चमधला, आणि वीस मिनिटांत चालता झाला. एक लाख दहा हजार डॉलर. तेवढ्यावर कर्ज बसेना. तुला फोन केला तर तू एका दमात सांगितलंस, "आई, दुसऱ्या बँकेत अर्ज कर. पण आधी भिंती रिकाम्या कर. आपल्या केसांचं तेल, कंगवे, चर्चचे हातपंखे, सगळं उचल. आणि तू घरात थांबू नकोस, दार लॉरेनमावशीला उघडू दे." रोज कुणाला तरी सांगत असल्यासारखं घडाघडा बोललीस.

शाळेच्या स्वयंपाकघरात लॉरेन माझ्याबरोबर अठरा वर्षं होती, पण गोरी असल्याचं तिला त्या दिवशी पहिल्यांदा ओझं झालं. "मला नाही गं जमायचं हे," म्हणत राहिली. मी तिला माझा एप्रन बांधला आणि कोपऱ्यावर गाडीत जाऊन बसले, फोटोंचं खोकं मांडीवर घेऊन. बाबा अगदी वर होते. तीस वर्षं लोखंडाच्या ओतशाळेत अंग भाजून ज्यांनी हे घर फेडलं, त्यांना मी उपडं घातलं. त्यांची नजर सोसवेना.

एक लाख पंच्याऐंशी हजार! तेच घर, तेच गळकं छप्पर. "मेल्याने तुझ्या पडद्यांचंसुद्धा कौतुक केलं," लॉरेन म्हणाली, आणि आम्ही दोघी हसता हसता रडलो. छप्पर झालं. फोटो अजून खोक्यातच आहेत. तू दोनदा येऊन जेवून गेलीस, भिंतीबद्दल चकार शब्द काढला नाहीस.

त्या पहिल्या माणसाचा राग आहेच, पण तुझा जास्त आहे. तक्रार आली की बँकेने स्वखर्चाने दुसरा माणूस पाठवायचा आणि पहिल्याला जाब विचारायचा, एवढंच तर करायचं होतं. ते तू वरिष्ठांना सांगायचं सोडून आईला लपायला शिकवलंस. नोकरी जपावी लागते, कळतं मला. मीही जन्मभर तोंड शिवूनच राबले, पण ते तुला तसं करावं लागू नये म्हणून.

सोबत दोन्ही किमतींचे कागद पाठवते आहे. भाषणात ते मोठ्याने वाच, आणि घर तुझ्या आईचं आहे हेही सांग. वाचणार असलीस तर कळव. मी हॅट घालून येईन, बाबांचा फोटो मांडीवर सरळ धरून. वाचणार नसशील, तर माझी खुर्ची लॉरेनला दे. माझ्या जागी उभं राहायची तिला आता सवय झाली आहे.

तुझीच,
आई