अर्पिताच्या आतड्यांवर माझी देखरेख

२ सप्टेंबर, ईट
अर्पिताच्या गालांवर एक्झिमा. बार्शीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुधाची ॲलर्जी. आमच्या घरात! आजोबांपासून खवा-पेढ्याची भट्टी. आतड्यांनाही सूज आहे, ती शी तपासून कळते. महिन्यानं परत तपासायची. तोवर लेकराला आणि अंगावर पाजते म्हणून शिवकन्यालाही दूध, दही, तूप बंद. देखरेख मी अंगावर घेतली. घरात शिस्तीचा माणूस मी एकटाच.

५ सप्टेंबर
बायकोचा चहा हुंगला. कोराच निघाला. शिवकन्या म्हणाली, माझा कप हुंगता, आन् भट्टीवरनं आलं की तसल्याच हातानं लेकरू उचलता, आदी हात धुवा की. पेढे वळणारे हात. याहून स्वच्छ काय असतं? अख्खा तालुका या हातांचं खातो.

९ सप्टेंबर
संध्याकाळी अर्पिता खाजवून खाजवून रडली. आईला ऐकेना, आजीला ऐकेना. मी करंगळी तोंडात दिली. चटकन गप्प! मिटक्या मारत चोखत बसली. बापाची माया ती हीच. आता भट्टीवरून आलो की रोज आमची बैठक.

१७ सप्टेंबर
गाल लालभडक. संशय माझ्या आईवर. तूप असणार म्हणून मालिशची वाटी जप्त केली. आई म्हणाली, आरं, खोबऱ्याचं त्याल हाय त्ये. तपासात नातं बघायचं नसतं. वाटी कुलपात.

३० सप्टेंबर
शीची डबी बर्फात घालून बार्शीला नेली. एसटीत शेजाऱ्यानं विचारलं, खवा का? व्हय म्हणालो. कुठं समजावत बसायचं.

२ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. सूज वाढली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर विचारलं, घरात कुठून तरी दूध पोटात जातंय का? मी आईकडं बघितलं.

८ ऑक्टोबर, तुळजापूर
नवरात्राचा पेढ्यांचा स्टॉल. इकडं श्वास घ्यायला फुरसत नाही आणि तिकडं घर वाऱ्यावर. फोन केला. शिवकन्या म्हणाली, गाल मऊ पडलेत, झोपती बी निवांत. लावलेली शिस्त अशी मागंही टिकते. समाधान वाटलं.

१४ ऑक्टोबर, ईट
परत आलो. अर्पितानं झेप घेतली. करंगळी दिली. दिवेलागणीला तोंडाभोवती चट्टे. आईची आज चौकशी.

१५ ऑक्टोबर
बार्शी. डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं: कुलूप, चहा, करंगळी. करंगळीचं जरा कौतुकानंच. त्या माझ्या नखांकडं बघत राहिल्या. नखांत खवा होता. शिवकन्यानं लेकरू माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. लई वाईट वाटलं. घरी येऊन आईची वाटी परत दिली.

१८ नोव्हेंबर
नवा रिपोर्ट. सूज बरीच उतरली. गालही निवळले. भट्टीवरून आलो, अंघोळ केली, कपडे बदलले, नखं घासली. अर्पिता रडत होती. करंगळी दिली.
एकदा चोखली. माझ्याकडं बघितलं. बोट बाहेर ढकललं आणि आजीकडं हात पसरले.