सारंच बोल्ड

मंगळवार, सांजच्याले

पाप माह्याच हातचं हाय. इथं तरी लिवून टाकतो.

आमच्या हापिसात, धान विकाले शेतकऱ्यायचे नंबर लागते ना, त्याचं ॲप बनते. दुसऱ्या प्रोग्रामरनं त्याले कसं जोडाचं, ते सुनीताताई लिवते. तिचा नियम एकच: एका वस्तूले एकच नाव, अन् बोल्ड अक्षर फक्त धोक्याच्या जागी. पूर्ण माहितीत एकच ओळ बोल्ड होती: ही कमांड चालवली का सारी यादी पुसते, वापस येत नाई.

मी रोज चिडवतो, "ताई, बोल्डचे पैसे पडते का वो?" शुक्रवारी तिनं मले तपासाले देलं, त म्या गंमत म्हणून सारंच बोल्ड केलं. अन् यादीले कुठं यादी लिवलं, कुठं रांग. वाटलं, ताई पाहीन, शिव्या देईन, हासन. तिनं न पाहताच धाडलं. माह्यावर भरोसा ना!

आज सौंदडच्या केंद्राले ॲप जोडता जोडता देवरीच्या प्रोग्रामर पोरानं तीच कमांड चालवली. फोनवर म्हणे, "मले वाटलं रांग म्हणजे अलग काही असन. अन् सारंच बोल्ड, त धोका कोनता समजाचा?" सौंदडच्या शेतकऱ्यायचे सारे नंबर गेले.

सर ताईले म्हणे, "उद्यापासून येऊ नका." ताई एवढंच बोलली, "माह्याच हातून झालं असन, सर."

मी बाजूलेच उभा होतो. काऊन नाई बोललो? एकच ओळ होती बोल्ड. एकच.

पिंके, बहिणी, तू माही वही चोरून वाचतेस, मले माहीत हाय. हात जोडतो, कोनाले सांगू नोको. ताई रस्त्यात भेटून रडली, तरी नोको.