तासाचे दीडशे

३ मार्च, सोमवार

वाढवला! एकशेतीस पौंडांचे दीडशे केले. सकाळी दहाला फोरमवर टाकलं, लॅपटॉप मिटला आणि पडदे धुवायला घेतले. चार वर्षं एकशेतीसवर काढली. तेवढ्या काळात विजेचं बिल दुप्पट झालं, या फ्लॅटचं भाडं तीनदा वाढलं, कुणी हूं की चूं केलं नाही. पण बाईनं दर वाढवला की पुरुषांना एकदम जगाचं अर्थशास्त्र आठवतं.

दुपारी उघडून पाहिलं — नऊ पानं! 'टेकाठ' फोरमवर आम्ही सतरा बायका आणि चारशेच्या वर पुरुष, खरं नाव एकाचंही नाही; मी तिथे 'कोरली'. 'ओला सॅमन' हा सगळ्यांचा म्होरक्या, फोरम तोच चालवतो. लिहितो, 'कोरलीबद्दल पूर्ण आदर आहे, पण डंडीचा बाजार एवढं झेलणार नाही.' बाजार! दीड वर्षात हा माझ्या जिन्यावर फिरकलेला नाही आणि बाजाराची काळजी वाहतोय.

पडदे मात्र छान निघाले.

४ मार्च

चौदा पानं. दोन बुकिंगं रद्द, तीन नवी आली. झेललं की बाजारानं!

६ मार्च, गुरुवार

दोन वाजता 'तिसरा गिअर'. एक आड एक गुरुवार, सात वर्षं. वय सदुसष्ट, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, नोकरीभर गाडी चालवण्याच्या परीक्षा घेतल्या — त्यावरून ते टोपणनाव. खरं नाव मला माहीत नाही. मुलगी फाइफकडे चर्चमध्ये पाद्री आहे, एवढं माहीत आहे. सात वर्षांत आम्ही एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतो. फोरमवरच्या ज्युनोला सांगितलं तर ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली होती.

त्यांनी नेहमीसारखं पाकीट दिव्याशेजारी ठेवलं. न बोलता. मीही नेहमीसारखं तिकडे पाहिलं नाही. तशीच रीत आहे, पाकिटाबद्दल कुणी बोलायचं नाही. पण आज ते बोललेच.

"अभिनंदन."

"कसलं?"

"दराचं. मला वाटलं होतं, दोन वर्षांपूर्वीच वाढवाल. तेव्हापासून वीस-वीस बाजूला टाकतोय."

मी उठले, चहा केला. ते खिडकीशी उभे राहून खालच्या गाड्या लावणाऱ्यांना नापास करत होते. "आरसा पाहिला नाही. नापास. अरे देवा, हा तर फुटपाथवरच चढला." मग पाठमोरेच म्हणाले, "संसदेतलं ते विधेयक मंजूर झालं तर मी गुन्हेगार. तुम्ही नाही हं, मी. चाळीस वर्षं नियम शिकवले आणि आता —" आणि हसले. पुढच्या गाडीला मात्र नापास करायचं विसरले.

मलाही भीती वाटते. उगाच लपवत नाही, निदान इथे तरी. एडिंबराच्या संसदेत म्हणतात, पैसे देऊन बाईकडे जाणाऱ्याला पकडू, बाईला हात लावणार नाही. वा! म्हणजे फोन नंबर देऊन, पाय पुसून आत येणारी माणसं घाबरून बंद होणार, आणि नंबर लपवणारी, कशालाच न भिणारी तेवढी उरणार. दार त्यांना उघडायचं? मी सतरा वर्षं या दाराला जपलंय.

११ मार्च, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. सॅमननं दोन महिने मोहीम चालवली होती, विधेयकावरच्या समितीला लिहा, आपलं म्हणणं मांडा, आता नाही तर कधी नाही. अडतीस जणांनी लिहिलं. आज अडतीसच्या अडतीस परत! का? तर नावाच्या रकान्यात सगळ्यांनी फोरमवरची नावं घातली. सवयीनं! 'आदरणीय समिती, मी, रात्रीचा राजा, एक कर भरणारा नागरिक या नात्याने...' 'आपला विश्वासू, केसाळ वाघ.' सॅमननं स्वतः 'ओला सॅमन, अध्यक्ष' अशी सही केलेली. समितीच्या कारकुनानं अगदी सभ्यपणे कळवलंय की ही नावं ग्राह्य धरता येत नाहीत.

ज्युनोनं फोन करून एकेक नाव वाचून दाखवलं. ती दिवसा नर्सिंग शिकते, संध्याकाळी आमच्यातली. म्हणाली, "अगं, यांच्या भरवशावर आपण बसलोय!"

मग तिनं पत्राचा खालचा भाग वाचला. समिती आठ एप्रिलला दोघांना समोर बोलावणार, एक पैसे देणारा आणि एक पैसे घेणारी. पण खऱ्या नावानं. निवेदन नावासकट छापणार, कुणालाही वाचता येईल असं.

हसू गेलं.

आर्ब्रोथमध्ये कुणालाही म्हणजे आईला. मी घरी बसून कंपन्यांचे हिशेब लिहिते असं तिला वाटतं. रोज संध्याकाळी सहाला तिचा फोन येतो. एक दिवस चुकला नाही. मला बाकी कुणी नाही आणि तिलाही नाही.

१५ मार्च, शनिवार

पर्थला संमेलन. दर तीन महिन्यांनी असतं. बोलिंग क्लबचा वरचा हॉल 'टे खोरे पक्षीनिरीक्षक मंडळ' या नावानं घेतो. क्लबचा मॅनेजर भाबडा, दर वेळी विचारतो, "यंदा काय काय दिसलं?" आणि सॅमन बेधडक सांगतो, "खंड्या. दोन."

संमेलनाचे नियम कडक आहेत. छातीवर टोपणनावाचा बिल्ला. बायकांनी ग्लासाचे पैसे द्यायचे नाहीत. धंद्याचं बोलायचं नाही, पाकीट तर खिशातूनही दिसता कामा नये. आणि ज्यांची एकमेकांकडे ये-जा आहे त्यांनी एका टेबलावर बसायचं नाही. त्यामुळे तिसरा गिअर पार तिकडे खिडकीपाशी आणि मी इकडे, केसाळ वाघाशेजारी. वाघ पेन्शनीत निघालेला दंतवैद्य आहे बहुतेक, मी मांस भरलेला 'स्टेक पाय' खात होते तर माझ्या दाढांकडेच बघत होता.

जेवण झाल्यावर सॅमन उठला. "समितीसमोर जाणं ही ऐतिहासिक संधी आहे! कोण तयार आहे?"

चाळीस माणसं मूग गिळून बसली. कुणी चमचा पुसतंय, कुणी बिल्ला सरळ करतंय. जे दराच्या भांडणात चौदा पानं लिहितात तेच हे! शेवटी खिडकीकडून खुर्ची सरकली.

"मी जातो," तिसरा गिअर म्हणाले. नुसते उभे राहिले, हात मागे. परीक्षा घ्यायला उभे असावेत तसे.

टाळ्या काय, शिट्ट्या काय! आणि मग सगळ्या माना वळल्या आमच्याकडे. आम्ही तिघी होतो. ज्युनोचं शिक्षण आहे, तिचं नाव बाहेर आलं तर तिला वॉर्डात कोण घेईल? तिसरी महिनाभरच झाली आलेली. उरले मी. मी त्या 'पाय'चं भांडं खरवडत बसले.

सॅमन कानाशी येऊन म्हणाला, "कोरली, तू बोलतेस किती छान! विचार तरी कर."

"तू बोल ना. अध्यक्ष आहेस."

"अगं, माझी बायको..."

"आणि माझी आई," मी म्हटलं, आणि कोट घेऊन निघाले.

१६ मार्च, रविवार

कोटाच्या खिशात पाकीट सापडलं! कधी घातलं कळलंच नाही. आत नऊशे पौंड आणि सॅमनच्या अक्षरात चिठ्ठी: 'एडिंबरा. सहा तास, नव्या दरानं. प्रवासखर्च वेगळा. सगळ्यांकडून, प्रेमानं.'

बुक केलं मला. समितीपुढे खरं बोलायला बुक केलं!

आधी हसले. मग इतका संताप आला की पाकीट भिंतीवर फेकलं. मग खाली बसून रडले, खरं सांगायचं तर. वाईट याचं वाटलं की त्यांना वाईट वाटणारच नव्हतं. त्यांनी तो आपला मोठेपणाच समजला. सतरा वर्षं माझ्याकडून एकच गोष्ट घेतली, तीही एकाच रीतीनं, तर दुसरी रीत त्यांना येणार कुठून? भांडावंसं वाटेना, फक्त दमल्यासारखं झालं.

१७ मार्च

सॅमनला पाकीट परत केलं, त्याच्या दुकानात जाऊन. कीटकनाशकं विकतो! गल्ल्यावर ठेवलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, मागे बायको उभी होती. मी म्हटलं, "तुमचे पक्ष्यांच्या वर्गणीचे जास्त आले होते." आणि बाहेर आले. रस्त्यात एकटीच हसत सुटले.

म्हणजे नाही जायचं? की जायचं, पण फुकट?

२० मार्च, गुरुवार

तिसरा गिअर आले, कोट काढलाच नाही. मुलीला सांगून आले होते. समितीनं छापायच्या आधी आपणच सांगावं म्हणून फाइफला गेले, चर्चच्या मागच्या खोलीत बसून सांगितलं.

"काय म्हणाली?"

"प्रार्थना करते म्हणाली."

"तुमच्यासाठी?"

"विचारायचं धाडस झालं नाही." मग म्हणाले, "नातवंडांना या महिन्यात आणणार नाही म्हणाली. पुढच्या महिन्याचं पुढे बघू."

मी म्हटलं, "अजून वेळ आहे, नाव मागे घ्या."

"नाही हो. आयुष्यभर लोकांना सांगितलं, वळण्याआधी हात दाखवा. मी नाही दाखवला तर कसं?" आणि एकदम हात पुढे केला, हस्तांदोलनासाठी. "तुम्ही आला नाहीत तरी माझं काही म्हणणं नाही. हे सांगायला आलो. आज पाकीटही आणलेलं नाही."

दहा मिनिटं थांबले असतील. चहासुद्धा घेतला नाही.

२१ मार्च

लिहून काढलं. सगळं. दार, कुलूप, कुणाला आत घेते, कुणाला घेत नाही, का. दर पण लिहिला. लपवायचं कशाला, विचारणारच आहेत. चार पानं झाली. फोरमवर कुणाला सांगितलेलं नाही. नावाच्या रकान्यात 'को' लिहून खोडलं — मी पण तसलीच! मग लिहिलं, लोर्ना पेट्री.

पाठवायचं बटण दाबलेलं नाही. आधी आई.

२३ मार्च, रविवार

आर्ब्रोथ. आईनं मासा आणला होता, धुरावलेला, कागदात गरम. किनाऱ्याच्या बाकावर बसून खाल्ला. वारा असा की शब्द तोंडातच परत यावेत, म्हणून सांगितलं नाही असं म्हणू शकते. घरी आलो, वारा नव्हता. तरी नाही सांगितलं. शेजारच्या बाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची अख्खी कथा ऐकली. "तुझं काम बरं चाललंय ना?" "हो, आई."

परतीच्या गाडीत स्वतःला मनसोक्त शिव्या दिल्या.

२४ मार्च, सोमवार

समितीला पाठवलं! आणि त्याचीच प्रत आईला, पोस्टानं. वर एकच ओळ, 'आई, हे छापून येण्याआधी तू वाच.' तिकीट दुसऱ्या वर्गाचं लावलं, तेवढाच एखादा दिवस उशिरा पोहोचेल. शेहेचाळीस वर्षांची बाई मी, आणि हे असले हिशेब!

सहाला फोन आला. मटाराच्या सूपबद्दल बोललो.

२६ मार्च

फोन नाही. म्हणजे मिळालं.

२७ मार्च

नाही. तिसऱ्या गिअरना समितीकडून खबर लागली. निरोप आला: 'सोबत आहात तर मग. धन्यवाद. — हॅमिश ऑकटरलोनी.' सात वर्षांनी कळलेलं नाव! उच्चारून पाहिलं चारदा. मग मीही खाली माझं लिहून पाठवलं.

सहा वाजले, सव्वासहा, सात.

२८ मार्च

तिसरा दिवस. मी केला तर उचलला नाही. शेजारच्या बाईंना फोन केला, त्या म्हणाल्या, "आहे की, सकाळी कपडे वाळत घालत होती." म्हणजे ठणठणीत आहे आणि उचलत नाही. काही खाववत नाही. ज्युनो येऊन बसली, टोस्ट करून दिला, तोही तसाच राहिला. नाव मागे घ्यावं असं मनात आलं. घेऊन उपयोग काय, आईनं वाचलेलं थोडंच परत येणार आहे.

२९ मार्च, शनिवार

सहाला फोन वाजला.

"वाचलं," आई म्हणाली. "दोनदा." मग एका दमात, "मला हे आवडलेलं नाही, लोर्ना. पुढेही आवडणार नाही, तेव्हा ती आशा सोड."

"हो, आई."

"आणि तासाचे दीडशे? परवा माझ्याकडे नळाचा माणूस आला होता, तो नुसता सिंकखाली वाकायचे ऐंशी घेऊन गेला!"

मला हसू आलं की रडू, अजून कळत नाही. तोंडावर हात धरून बसले. ती पलीकडे कागद उलटत होती.

"ती समिती कधी आहे लिहिलंयस? आठ तारखेला? मग मला सांग, एडिंबराची सकाळची गाडी किती वाजता असते? मला तिथे पुढच्या रांगेत बसायचंय."