लोगो काढायला परकी कशाला?

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्रच लिहिते. दुकानाची जागा मिळाली. औषधांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये जेमतेम अंग घुसेल एवढीच आहे, पण शटर नवं आहे आणि दारातून उजेड छान येतो. बॅगांच्या कारखान्यातली नोकरी महिनाअखेर सोडते. इतकी वर्षं मालकासाठी चेन बसवल्या, चाकं बदलली, पट्टे शिवले, आता तेच काम माझ्या नावावर करणार. चामडं शिवायचं जाड सुईचं मशीन कारखान्यातलंच जुनं मिळालं. चौघांनी उचलून आणलं आणि ठेवताना फरशीचा एक टवका उडवला. साठवलेलं सगळं यात घातलंय. रोज पासबुक उघडून बघते, पण कोणाला दाखवत नाही.

दुकानाला लोगो करून घेतेय. पाटीवर, पावतीवर आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक बॅगेला मी चामड्याचा छोटा बिल्ला लावणार आहे, त्यावरही. त्यासाठी एक डिझायनर मुलगी ठरवली आहे. ती कुठल्या कंपनीत नाही, सुटी कामं घेते. झेरॉक्सवाल्याची पाटी तिनेच केली, आणि तो माणूस कोणाचं चांगलं बोलत नाही, तो तिचं बोलतो.

तू रागावशील हे माहीत आहे, म्हणून हे शेवटी लिहिलं. भावजींना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही राहावा.

तुझी,
भिंगरी


दि. १३ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. जागा मिळाली, मशीन आलं, बरं वाटलं. टवक्यावर पायपुसणं टाक.

आता लोगोचं. मी रागावलेली नाही. रागवायचं कारणच काय? तुझ्या शाळेच्या वह्यांवर नावं मी घातली, जीवशास्त्राच्या वहीतला बेडूक मी काढला, नाटकातला मुकुट मी कापला. बँकेत पहिलं खातं उघडायचं होतं तेव्हा तुला सहीसुद्धा मीच बसवून दिली, तीच अजून करतेस. इतकी वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढतेय, लोकांची घरं माझ्या रेघांवर उभी राहतात. पण धाकट्या बहिणीच्या बिल्ल्यावरची रेघ काढायला परकी लागते. लागू दे. मला काय त्याचं!

तरी मोठी आहे म्हणून सांगते. तिची आधीची कामं बघितलीस का? कागदावरची चकचकीत नव्हेत, रस्त्यावर लागलेली, उन्हात विटलेली. ज्यांची ती आहेत त्यांना जाऊन विचार की वेळेवर दिलं का, आणि अडलं तेव्हा फोन उचलला का. एकट्या झेरॉक्सवाल्यावर विसंबू नकोस. किती वेळा बदल करून देणार ते लिहून घे, नाहीतर दुसऱ्या बदलालाच या लोकांचं तोंड वाकडं होतं. सगळे पैसे आधी देऊन मोकळी होऊ नकोस. काम संपल्यावर चित्राची मालकी कोणाची, तेही कागदावर हवं. नाहीतर स्वतःचं चिन्ह छापायला तिच्या परवानग्या मागत फिरशील. आणि मूळ फाइल माग. नुसता फोटो दिला तर पाटीएवढा मोठा करताना त्याच्या चिंध्या होतात. काळ्या एकाच रंगात, नखाएवढं छापून बघ. तिथे कळलं तर खरं.

शिवाय हे लोक दुसऱ्याचं उचलून नाव बदलून देतात असंही ऐकून आहे. कोणाकडून ते विचारू नकोस.

तुझे भावजी म्हणतात की मी जळतेय. त्यांना म्हटलं, चहा निवतोय तो प्या.

सल्ला न मागता दिलाय, तेवढा ठेवून घे. बाकी लोभाचं काय, तो आता वाटून घ्यायचा दिसतोय.

तुझी,
ताई


दि. २२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र समोर ठेवूनच तिच्याशी बोलले. तिने कराराचा कागद आधीच आणला होता. त्यात बदल किती वेळा, पैसे कोणत्या टप्प्याला, काम संपल्यावर मालकी माझी, सगळं होतं. मूळ फाइलचं मात्र लिहायचं राहिलं होतं, ते तुझ्यामुळे लिहून घेतलं. ती म्हणाली की तुमच्या बहिणीला या कामातलं चांगलंच कळतं. घे, तुझंही कौतुक झालं. तिची आणखी दोन गिऱ्हाइकंही गाठली. एक केस कापणारा, तो तर तिच्यावर खूशच आहे. दुसरी दातांची डॉक्टर. तिचं म्हणणं, मुलगी वेळेवर देते पण प्रश्न विचारून डोकं खाते.

ते मात्र खरं आहे. दुकान अजून उघडलेलं नाही, म्हणून ती कारखान्याच्या दुरुस्तीच्या खिडकीपाशी येऊन बसली. एका उलट्या खोक्यावर, अख्खी दुपार. एक रेघ काढली नाही. मग मला विचारलं की बॅग घेऊन येणारा माणूस घाईत असतो, की चिडलेला. मी म्हटलं, लाजलेला असतो. फाटकी बाजू अंगाकडे धरून आणतो. चेन तुटलेल्या बॅगेला दोरी बांधलेली असते, ती तो आधी आपल्या हाताने सोडतो आणि मगच बॅग पुढे करतो. मी इतकी वर्षं हे बघतेय, पण कोणी विचारलं नव्हतं. बोलत सुटले. खिडकी बंद करायची वेळ झाली तरी आमचं चालूच होतं. ती म्हणाली, आता काय काढायचं ते कळायला लागलं.

मला ती फार आवडली आहे, ताई. तुलाही आवडेल. दुकान उघडेल तेव्हा गाठ घालून देते.

लोभ वाटून घ्यायचा नाही. तुझा वाटा वेगळा काढून ठेवलाय.

तुझी,
भिंगरी


दि. २९ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मला ती आवडायची काही गरज नाही. तुला आवडते तेवढं पुरे.

दोरी सोडणाऱ्या माणसाचं तू तिला सांगितलंस. मला कधी नाही. मी तुझ्याकडे येते, तुझ्या हातचा चहा पिते, पाठ दुखते का विचारते, आणि मला हे ठाऊकच नाही. तू म्हणशील, तू विचारलं नाहीस. नसेन विचारलं. सख्ख्या बहिणीला असलं विचारावं लागतं? आणि खोक्यावर येऊन बसणारीने विचारलं की लगेच दुपारभर तोंड चालतं! तुझ्या पत्रात ‘ती म्हणाली’ किती वेळा आलंय ते तुझ्या भावजींनी मोजलं. आकडा सांगायची मात्र त्यांची हिंमत झाली नाही.

परवा ऑफिसात एका घराच्या नकाशात मी स्वयंपाकघराला दारच काढलं नाही. साहेबांनी विचारलं, लक्ष कुठे आहे. काय सांगणार?

एवढी गोड बोलणारी माणसं मला पटकन पटत नाहीत. तू भोळी आहेस. तुला जमणार नाही, तेव्हा मीच माझ्या परीने तिची चौकशी करणार आहे. कशी ते तुला कळायचं कारण नाही.

प्रकृतीला जप. लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही.

तुझी,
ताई


दि. १२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छत्र्या कशा आहेत?

आता कपाळाला हात लावू नकोस, सगळं सांगते. आमच्या करारात एक कलम आहे. माझ्या कामाला लागून असलेल्या धंद्याचं काम आलं, तर ती मला विचारल्याशिवाय घेत नाही. दोन चिन्हं सारखी दिसायला नकोत म्हणून. त्याप्रमाणे ती विचारायला आली, की छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईंचं काम आलंय, घेऊ का. नाव तिने सांगितलं नाही. गाव सांगितलं, ते तुझं निघालं. मग सहज म्हणाली की बाई जरा विचित्र आहेत. त्यांच्या दुकानाबद्दल सहा प्रश्न पाठवले तर त्यांची दोन ओळींत उत्तरं, आणि उलट तिलाच दोन पानं प्रश्न. तुमच्याकडे एक बॅगवाली येते ती इतकी का रमते, तुमच्याशी काय काय बोलते, तिच्या घरच्यांबद्दल काही बोलते का. ताई, अख्ख्या जगात एवढी चौकस छत्रीवाली एकच असू शकते.

मला आधी हसू फुटलं. हसता हसता सांगून बसले की ती माझी बहीण. त्या मुलीचा चेहरा पडला. तिला वाटलं, मीच तुला तिच्यावर पाळत ठेवायला सांगितलं. पिशवी उचलून गेली. काम थांबलं. पाटी रंगवणारा येऊन कोरी पाटी बघून परत गेला. पत्रकं छापलेली, त्यावरची तारीख खोडायची पाळी आली. दोनदा तिच्या घरी जाऊन बसले, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला. तुझ्यासाठी मी आजवर खूप वेळा गप्प बसले आहे, पण आज राग आलाय आणि तो लिहिते. तुझ्या जळफळाटापायी माझं दुकान उघडायच्या आधीच बंद पडत होतं.

तुला लोगो काढायला का सांगितलं नाही, ते तू विचारलं नाहीस. नुसती फुगलीस. तरी सांगते. तू काढलेलं मला आवडतं की नाही, हे मला कधी कळलंच नाही. तू काढलंस की ते झालं. वह्या, मुकुट, सही. नको म्हटलं असतं तर तू आठवडाभर बोलली नसतीस, आणि मला तुझ्याशिवाय करमत नव्हतं. मग आवडतंच होतं सगळं. या मुलीने आणलेला पहिला नमुना मला आवडला नाही. पूर्ण एक दिवस तसं सांगायला धजले नाही. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, बरं, काय खटकतंय ते सांगा. आणि वहीचं नवं पान काढलं. बस, इतकंच झालं. रुसली नाही, काही नाही. मी रस्त्याने एकटीच हसत घरी आले.

त्यानंतर तिने आणखी तीन आणले आणि त्यातला एक मी निवडला. कोणाला न विचारता. तो तुला पाठवत नाही. दुकानावर लागेल तेव्हाच बघ.

लोभ आहे. राग पण आहे. दोन्ही पोचले असं समज.

तुझी,
भिंगरी


दि. १९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

छत्रीवाली मीच.

त्या मुलीला माफीचं पत्र लिहिलं. माझं दुकान नाही, घरात छत्री एकच आहे आणि तिचीही काडी मोडलेली आहे, हे सगळं कबूल केलं. तुमच्या वाया गेलेल्या वेळेचे पैसे काय होतील ते कळवा म्हटलं. तिने कळवलं आणि मी मुकाट्याने भरले. तुझी यात काही चूक नव्हती हेही स्पष्ट लिहिलं. तिचं उत्तर आलं. चांगलं होतं. मला ते चांगलं असायला नको होतं.

तुझं पत्र मी तुझ्या भावजींना वाचायला दिलं नाही. पहिल्यांदाच. आठवडाभर बोलली नसतीस, असं तू लिहिलं आहेस. मी म्हटलं, छे, दोन दिवस फार तर. मग आईची एक गोष्ट आठवली. मुकुटाला मी दिलेला रंग आवडला नाही, असं तू बोलून दाखवलंस तेव्हा आईच आपल्या दोघींमध्ये निरोप पोचवत होती. तेव्हा आठवडाच असेल.

मी जळते, भिंगरे. अजूनही. तिच्या हातातल्या कलेवर नाही, तशा रेघा मी झोपेत काढीन. तिला तू नाही म्हणालीस, यावर जळते. मला तू त्या रंगानंतर कधी नाही म्हणाली नाहीस आणि मी समजत होते की आपलं किती जमतं.

सोबत एक कागद आहे. तुझं पहिलं पत्र आलं त्याच संध्याकाळी काढायला घेतला होता आणि पुरा झाल्यावर ड्रॉइंगच्या नळीत लपवला होता. बॅग आहे, दोन चाकं आहेत, बक्कल आहे आणि चेनचा एकेक दात आहे. चार संध्याकाळी खपले त्यावर. तुझं चिन्ह ठरलंय हे कळलंय मला, बदल म्हणून पाठवत नाही. फक्त बघ, आणि आवडलं का ते लिही. खरं लिही.

मी रुसेन. पण तू लिही.

लोभ असो नसो, उत्तर असू दे.

तुझी,
ताई


दि. २७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही आवडलं.

दात फार झाले. बिल्ल्याएवढं लहान छापून बघितलं तर नुसता काळा डाग दिसतो. चाकं नकोत, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बॅगांना ती नसतातच. आणि असलं बक्कल तर मी आजवर एकाही बॅगेवर बघितलेलं नाही. नकाशा म्हणून उत्तम आहे, लोगो म्हणून नाही.

एवढं लिहायला चार कागद फाडले. हा पाचवा, आणि हा मी आत्ताच जाऊन टाकणार आहे, विचार बदलायच्या आत.

दुकान सोमवारी उघडतंय. तू ये. रुसली असशील तरी ये. काउंटरच्या मागे एक स्टूल ठेवलंय, तिथे बसून रूस. मी मशीनवर असेन. अधूनमधून विचारीन, गेला का राग. नाही गेला तर नाही म्हण.

तुझी,
भिंगरी