सतरावा नग

३ फेब्रुवारी

आईने आज पुन्हा डावीकडचा कप पाडला! "टेबलच हललं," म्हणाली. टेबल कसलं हलतंय! चाळीस वर्षं शिवणकाम केलेली बाई, डोळे मिटून सुईत दोरा ओवेल अशी ख्याती — आणि आता दाराच्या चौकटीला खांदा घासत चालते.

६ फेब्रुवारी

काचबिंदू. डाव्या डोळ्याची कडेची नजर अर्धी गेलीय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळ्यातला दाब दिवसभर वरखाली होतो, इथे पाच मिनिटांत तो सापडत नाही. "आत बसवायचा एक सेन्सर आलाय, तिळाहून लहान. अजून चाचणी चालू आहे. नाव घालू तुमचं?"

आई लगेच फुशारली. "अहो, ते हीच बनवते!"

मी नजर चुकवून फाइल आवरायला घेतली.

७ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. आमच्या खोलीत धुळीचा कण चालत नाही — डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे, मायक्रोस्कोपवर मान, श्वास रोखून चिमटा. सेन्सरवर शेवटी नॅनो थर चढतो, केसाच्या हजाराव्या भागाइतका पातळ. त्याला भेग राहिली तर डोळ्यातलं पाणी आत शिरतं आणि आकडे खोटे येतात. दाब चढलेला, आणि यंत्र म्हणतं सगळं ठीक!

गेल्या महिन्यातल्या बॅचमध्ये चाळीस नग होते. सतराव्याच्या कडेला मला काहीतरी दिसलं होतं. भेग की नुसती सावली? साहेब घाईत होते. मी 'पास' लिहिलं.

ती बॅच अजून कपाटातच आहे. आईला त्यातलाच बसणार.

८ फेब्रुवारी

सतरावा तेवढा गुपचूप काढून ठेवला तर? आईचं भागेल.

लाज वाटली हे लिहिताना. आईच्या डोळ्यावर आलं तेव्हा मला सावली आठवली. परक्यांचे डोळे काय काचेचे होते?

९ फेब्रुवारी

सांगितलं. साहेबांनी आधी माझी 'पास'ची नोंद काढून बघितली. मग — "महिनाभर तोंडाला कुलूप लावलं होतं?" खरंच आहे. अख्खी बॅच थांबवली. चाळीसही नग सहा आठवडे मिठाच्या पाण्यात ठेवून तपासणार. चाळीस माणसं खोळंबली. आईसुद्धा.

घरी तिलाही सगळं सांगितलं. म्हणाली, "चुकलेली शिवण उसवायला लाजू नये. गिऱ्हाइकाच्या अंगावर उसवली तर लाज." थोड्या वेळाने — "पण उसवायला उशीर केलास हं, बाई."

२ मार्च

आईच्या डोळ्यात औषधाचे थेंब नेमाने घालतेय. तरी नजर आणखी थोडी गेली. आज मी तिच्या डावीकडून आले, तिला दिसलेच नाही. केवढी दचकली! "मांजर आहेस की काय!" म्हणून हसली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

१४ मार्च

साहेब कामापुरतंच बोलतात. बोलू देत.

२३ मार्च

निकाल आला. सतरावा ठणठणीत. सावलीच होती ती!

गळका निघाला एकतिसावा. तो मी दोनदा बघून, अगदी बिनधास्त पास केला होता.

तो कुणाला बसणार होता, हे मी विचारलं नाही.