छतावर पॅनेल, खाली पंखा बंद

गुरु. १२ मार्च
आलं: पॅनेल चार, इन्व्हर्टर एक, लोखंडी स्टँड, वायरचं वेटोळं. बसवण्यासकट एक लाख तीस हजार. सरकारी सूट मागून खात्यावर येणार. बॅटरी घेतली नाही. सोलरवाला महांतेश म्हणत होता, "बॅटरी नको री आक्का? नाहीतर लाईट गेली की..." किंमत ऐकून मी मधेच म्हटलं, पुरे. दुपारी ऊन असतंय, पंखा उन्हावर चालेल.
हे म्हणाले, "फुकट लाईटच्या योजनेत आपलं बिल शून्य येतंय. शून्यातनं काय वाचवणार हायस?"
बिलासाठी कोण घेतंय. बेळगावला धाकट्या जावेच्या, सुजाताच्या, गच्चीवर पॅनेल बसली तशा सासूबाई तिकडच्याच झाल्यात. उन्हाळा दरवर्षी निपाणीत, माझ्याकडं. यंदा निरोप आला, "तुझ्याकडं दुपारी लाईट जातीया, पंखा थांबला की जीव घाबरतोय." बावीस वर्षं पुठ्ठ्यानं वारा घातला, तेव्हा नाही घाबरला तो जीव.

गुरु. २ एप्रिल, हनुमान जयंती
लाईटवाले मीटर बदलून गेले. जिन्यानं वर जाऊन पॅनेलांना हळदकुंकू वाहिलं. मग बेळगावला फोन. सासूबाईंचा फोन धाकटीच्याच हातात असतो, आणि स्पीकरवर. सांगितलं, आमच्याकडंही सोलर बसलं.
"अय्या, व्हय? लई छान आक्का! बॅटरी केवढी घेतली?"
म्हटलं, मोठी आहे.
मारुतीराया, क्षमा कर. आजच्या दिवशी तरी जिभेला...
सासूबाईंना दहा तारखेच्या हळदीकुंकवाला बोलावलं. "येते गं," एवढंच. आवाज तरतरीत. तिथलं मानवलेलं दिसतंय.

मंगळ. ७ एप्रिल
सासूबाई आल्या. धाकटी गाडीतनं सोडून लगेच गेली. अंगावर नवं लुगडं, तिनं घेतलेलं. पिशवीत सरबताची बाटली, तिच्या हातची. "सुजाता रात्री पाय चेपते," असं जेवताना तीनदा. मी चेपलेले पाय कुणाचे होते?
जपाला बसले तर माळ दोनदा हातातनं सुटली.
दिवसभर लाईट गेली नाही. पंख्याखाली आडव्या होऊन म्हणाल्या, "हितं बी गार लागतंय की गं." उद्या साखरभात करायचा.

शुक्र. १० एप्रिल
गौर मांडली. आंबेडाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे. ओटीला बायका बऱ्याच. धाकटी बेळगावहून मुद्दाम आली. ऐन गर्दीत लाईट गेली. मी ऐटीत म्हटलं, बसा गं, आपलं सोलर हाय.
पंखा थांबला तो थांबलाच. बाहेर ऊन रणरणत होतं.
परसात जाऊन महांतेशला फोन केला. "सांगायला गेलो तर तुम्ही पुरे म्हणालात री आक्का. लाईट गेली की हे आपोआप बंद होतंय. खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या घरची वीज लागाय नको म्हणून. बॅटरीवालं असलं तरच चालतंय."
आत आले तर धाकटी पन्हं ढवळत म्हणते, "आक्का, तुमची ती मोठी बॅटरी झोपली काय वो?" बायका हसल्या. ते चाललं असतं. सासूबाई पण हसल्या. पदर तोंडाला लावून, पण हसल्याच.
संध्याकाळी तिच्याच गाडीतनं परत गेल्या. बरोबर द्यायला भरलेला साखरभाताचा डबा इथंच राहिला.

सोम. १३ एप्रिल, एकादशी
महांतेश येऊन बघून गेला. दोन मार्ग. पहिला: हा इन्व्हर्टर काढून बॅटरी चालणारा बसवायचा, वर लिथियम बॅटरी. भिंतीला टांगायची, वर्षानुवर्षं बघायला नको. किंमत जवळजवळ पॅनेलांएवढीच. दुसरा: वेगळा साधा इन्व्हर्टर आणि पाणी घालायची बॅटरी. घरच्या लाईटवरच चार्ज होते. एक पंखा, दोन दिवे. पाण्याकडं लक्ष ठेवायचं, काही वर्षांनी बदलायची. "म्हातारीच्या पंख्याला हे बास हाय री."
हे म्हणाले, "म्हणजे पॅनेल नसती तरी चाललं असतं." महांतेश चप्पल शोधायला लागला.
धाकटीची लिथियम आहे. मला तीच पाहिजे. नको, साधीच बरी. पण साधी बघून ती काय बोलेल? उपासाच्या दिवशी हे विचार. विठ्ठला.

शुक्र. १७ एप्रिल
महांतेशला अजून काही कळवलं नाही. हे विचारायचे थांबलेत.
सांजवात लावून सासूबाईंना लिहायला बसले. फोनवर धाकटी ऐकणार, कार्ड धाकटी वाचणार, म्हणून पाकीट. लिहिलं ते इथं उतरवते:
"ती. आत्याबाईंस शि. सा. न. इकडे सर्व ठीक. त्या दिवशी पन्हं तुम्ही अर्धंच प्यायलात, गोड कमी होतं काय? बॅटरी घ्यायची म्हणते. कुठली, ते मी बघेन. त्याआधी एवढं सांगा. तिकडं तुम्ही पंख्यासाठी राहिलात का सुजातासाठी? पंख्यासाठी असेल तर उद्याच घेते. दुसरं असेल तर महांतेशला नको म्हणून सांगते. तुमची चौथी झालेली आहे. तिच्याकडनं लिहवून घेऊ नका. अक्षर वाकडं आलं तरी चालेल, तुमच्याच हातानं लिहा आणि उलट टपाली कळवा."